सत्तावीस कळ्यांची संध्याकाळ

दुपारी तीनच्या सुमारास वहिनी चहाचं आधण ठेवत होत्या, आणि खिडकीबाहेर वरून एक लोखंडी पाइप तिरका खाली आला. आला तो हवेतच थांबला. पाइपाला कापडाच्या चिंध्यांनी बांधलेल्या लांबलचक हिरव्या पात्या होत्या आणि पात्यांना लोंबणाऱ्या टपोऱ्या कळ्या. त्यांतली एक वहिनींच्या डोळ्यांदेखत सुटली आणि खाली रस्त्यावर गेली.

"अगं बाई! आक्का!"

वहिनींनी गॅस बंद केला आणि तशाच अनवाणी जिना चढल्या.

वरच्या मजल्यावर दार सताड उघडं होतं. गॅलरीत त्यांची नणंद आक्का कठड्यावर पोट टेकून वाकलेली होती. पाइपाचं आतलं टोक तिनं दोन्ही हातांनी धरलं होतं आणि हाताच्या शिरा तटतटून आल्या होत्या. कोपऱ्यातल्या मोठ्या कुंडीतून निघालेलं ब्रह्मकमळ याच पाइपावर चढवलेलं होतं. पाइप गॅलरीच्या डोक्यावर दोन हुकांत अडकवलेला असायचा. त्यातला एक हूक गिलाव्यासकट भिंतीतून निघून आला होता आणि अर्धं झाड रस्त्यावर लोंबत होतं.

"ओढू नका," आक्का म्हणाली. "नुसतं धरा. ओढलं तर कळ्या गळतील."

वहिनींनी धरलं. पाइप वाटला त्यापेक्षा जड होता.

"एक पडली," त्या म्हणाल्या.

"बघितलं. सव्वीस राहिल्या."

आक्काचा आवाज एवढ्यातही सरळ होता. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं नोकरी केलेली बाई. घरात कुणी मेलं तरी निरोप नीट सांगायची. पण वहिनींना तिच्या मानेवरचा घाम दिसला. आणि का दिसू नये? गेले तीन आठवडे या बाईनं दुसरं काही केलं नव्हतं. रोज सकाळी कळ्या मोजायच्या, बोटानं माती चाचपून मगच पाणी घालायचं, कुणाला कुंडीला हात लावू द्यायचा नाही. कळ्या धरल्यावर झाडाची दिशा बदलली तरी ते रुसतं, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. आज सकाळी तिनं जिन्यात उभं राहून जाहीर केलं होतं, "कळ्यांच्या माना वर झाल्या! सगळ्यांच्या! आज रात्री एकदम!" तेव्हापासून ती अख्ख्या इमारतीत लहान मुलीसारखी फिरत होती.

एवढी फुलं या घरात एका रात्री कधीच उघडली नव्हती. मोठ्या आईच्या, म्हणजे वहिनींच्या सासूबाईंच्या, काळात सुद्धा अकराच्या पुढे आकडा गेला नव्हता.

*

वहिनींचे यजमान भाऊ दुकान बंद करून आले तेव्हा सव्वातीन झाले होते. खालच्या चौकात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. केसाएवढा स्क्रू ते श्वास रोखून बसवायचे, पण भिंतीत खिळा ठोकायचा म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. डोळ्यावरचं भिंग कपाळावर तसंच राहिलं होतं. त्यांनी बहिणीच्या बाजूनं पाइपाला खांदा दिला.

"किती वेळ धरून आहेस?"

"तीस वर्षं लोकांना होल्डवर ठेवलंय. आज माझी पाळी."

"चिंध्या कापू या. एकेक फांदी हळूच आत घेऊ."

"कापलंस तर तुझे कान कापीन. बुंध्याकडे बघ."

भाऊंनी बघितलं. कुंडीपासून हातभर वर मुख्य बुंधा वाकून चिरला होता. चिरेतून पाणी झिरपत होतं.

"एखादा गवंडी..." वहिनी म्हणाल्या.

"गवंडी आज येतो म्हणेल आणि परवा येईल," भाऊ म्हणाले. "शिडी लावून, ड्रिल घेऊन, वरती भोक पाडून..."

ते थांबले. शिडी, ड्रिल, वरती चढणं, हे सगळं या घरात एकाच माणसाचं काम होतं, आणि तो माणूस अकरा वर्षांत हा जिना चढला नव्हता.

दारात चिमणी उभी होती. भाऊंची मुलगी, चोवीस वर्षांची, रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला. आज फुलांसाठी तिनं अर्धी रजा टाकली होती. तिनं तिघांची तोंडं पाहिली, पायात चपला सरकवल्या आणि जिन्यात जाऊन फोन लावला.

"काका, मी चिमणी."

पलीकडे पंखा गरगरत होता. "बोल."

"आत्याचं झाड पडतंय."

पलीकडे पंखा बंद झाला.

"मग धरा," बापू म्हणाला.

"धरलंय. तिघं धरून उभी आहेत. आई, बाबा आणि आत्या, एका पाइपाला."

पलीकडून घशात अडकल्यासारखा आवाज आला. तो हसला होता की काय, चिमणीला कळलं नाही.

"कळ्या किती?"

"सत्तावीस होत्या. एक गेली."

"आणि उघडायच्या कधी?"

"आज! आज रात्री, काका."

"शिडी आहे तिथं?"

"नाही."

"आणतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

*

बापू एका शाळेच्या सभागृहात पंखे बसवत होता. हातातलं काम त्यानं जोडीदारावर सोपवलं. घरी जाऊन मोठं ड्रिल घेताना बायको दारात आली. ती सरकारी दवाखान्यात परिचारिका. रात्रपाळी करून नुकतीच उठली होती. त्यानं दोन वाक्यांत सांगितलं. वाटलं होतं, ही म्हणेल, जाऊ नका. तिनं एकच विचारलं, "बुंधा मोडलाय की नुसता चिरलाय?" आणि उत्तर यायच्या आत कपाटातून बँडेजचे रोल आणि जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्या काढून पिशवीत टाकल्या. मग ती स्कूटरच्या मागच्या सीटवर बसली, आडवी शिडी खांद्यावर घेऊन.

जिना चढताना बापूनं कठड्याला हात लावला नाही. पण पाय आपोआप सातवी पायरी टाळून पुढे पडला. ती सैल होती, लहानपणापासून. अजून कुणी बसवली नव्हती.

आत गेल्यावर त्यानं कुणाच्याही तोंडाकडे न बघता भिंत पाहिली, नखानं गिलावा खरवडला.

"हूक नुसत्या गिलाव्यात होता. कुणी बसवला होता?"

वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं. मग भाऊ म्हणाले, "मी."

"वाटलंच."

चिमणीला हसू आवरेना. शिडी उभी राहिली. बापू वर चढला आणि ड्रिल सुरू झालं, तशी सगळी गॅलरी थरथरायला लागली.

"हळू!" आक्का ओरडली. "कळ्या!"

"आक्का, ड्रिलला हळू म्हणता येत नाही."

"मग थांबून थांबून कर!"

तो थांबून थांबून करू लागला. विटेची लाल भुकटी भाऊंच्या टकलावर पडत होती. ते हलले नाहीत. पाइप खांद्यावर, डोळे मिटलेले, आणि धाकटा भाऊ डोक्यावर. अकरा वर्षांत दोघं एवढे जवळ आले नव्हते. एकाच चौकात समोरासमोर आले तरी हे घड्याळ बघायचे आणि तो विजेच्या तारा.

खाली, कुंडीजवळ, बापूची बायको, घरातली धाकटी सून, गुडघ्यावर बसली होती. चिरलेल्या बुंध्याच्या दोन्ही बाजू तिनं बोटांनी अलगद जुळवल्या, चारी बाजूंनी लाकडी पट्ट्या लावल्या आणि बँडेज गुंडाळायला घेतलं. वहिनींचे हात पाइपात अडकलेले, त्यामुळे त्यांना बघण्यावाचून इलाज नव्हता. मोठी आई शेवटचे चार महिने अंथरुणावर होती, तेव्हा धाकटीनं तिच्या पाठीच्या जखमा अशाच बांधल्या होत्या. तेव्हाही वहिनी अशाच बघत उभ्या असायच्या. आपल्याला ते जमत नाही, याचा तेव्हा किती राग यायचा, ते त्यांना आता आठवलं.

"चिमणे, तुझ्या काकूला म्हणावं, फार आवळू नको."

"काकू, आई म्हणते..."

"ऐकलं," धाकटी म्हणाली. "एक बोट आत जाईल एवढं सैल ठेवलंय. आईला सांग."

"आई, काकू म्हणते..."

"मला कान आहेत!"

"मग मला कशाला मध्ये घेता?" चिमणी म्हणाली. "मी काय एक्स्चेंजमध्ये आहे?"

आक्का पहिली हसली. मग शिडीवरून बापू. पाइप हलला तशी वहिनी ओरडल्या, "हसू नका! धरा!" आणि त्याही हसायला लागल्या. त्या हसण्यात आणखी एक कळी गळली, पण ती आत पडली. चिमणीनं ती पाण्याच्या ग्लासात ठेवली.

पावणेसहाला नवा हूक विटेत घट्ट बसला. बापूनं त्याला दोन्ही हातांनी लोंबकळून दाखवलं. मग सगळ्यांनी मिळून पाइप इंच-इंच वर नेला. आक्का हुकूम सोडत होती, "डावीकडे... माझ्या डावीकडे... थांबा, ती कळी अडकलीय... आता!" खटकन आवाज झाला. पाइप बसला. आक्कानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजलं, मग उलटं मोजलं.

"पंचवीस!"

आणि ती मटकन खाली बसली. तिचे तळहात सोलून निघाले होते.

*

खरं तर काम झालं होतं. बापू पिशवीत अवजारं भरत होता.

"थांब ना," आक्का म्हणाली. "आता उघडतीलच."

"निघतो. शिडी परत करायचीय."

"शिडी आपलीच आहे," धाकटी म्हणाली. "मी थांबतेय. मला बघायचंय. तुम्ही निघा हवं तर."

बापूनं बायकोकडे बघितलं. मग तो उंबऱ्याबाहेर जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसला, अवजारांची पिशवी मांडीवर. घरात नाही, असं म्हणायला जागा राहिली आणि गॅलरीही दिसत राहिली.

आठच्या पुढे अंधार दाटला. आक्कानं घरातले दिवे मालवायला लावले. समोरच्या खांबाच्या फिकट उजेडात पात्या काळ्या दिसत होत्या आणि कळ्या त्यांच्यापुढे आलेल्या. भाऊंनी मनगट डोळ्याजवळ नेलं.

"आठ चाळीस. एकही नाही."

"ड्रिलनं घाबरली असतील," चिमणी पुटपुटली.

"बुंध्यातून पाणी कमी पोचत असेल," धाकटी म्हणाली.

आक्काचं लक्ष कळ्यांवरच होतं. ती कठड्याशी सोललेले हात छातीशी धरून उभी होती.

"ती बघा," वहिनी म्हणाल्या.

कोपऱ्यातल्या कळीच्या टोकाला बारीक भोक पडलं होतं. बघता बघता ते रुंदावलं. बाहेरच्या लालसर पाकळ्या मागे सरकल्या, आतला पांढरा गुंडाळा सैल झाला. पाकळी झटका देऊन सुटताना डोळ्यांना दिसत होती. मग तिच्या शेजारची. मग वरच्या दोन. मग कुठं बघावं ते कळेना. "ही! ही! नाही, इकडे!" चिमणी नाचायलाच लागली. भाऊ प्रत्येकीची वेळ सांगायला लागले, "आठ बावन्न, आठ त्रेपन्न, आठ त्रेपन्नच," आणि सातव्या फुलानंतर त्यांनी मनगट खाली सोडलं. आणि वास आला. गॅलरी भरली, खोली भरली, वास जिन्यात उतरला. बापू नकळत उठून दारात आला होता. ग्लासातल्या कळीनंसुद्धा तोंड उघडलं होतं, अर्धवट, पण उघडलं होतं.

मोठ्या आईनं हे झाड देवासारखं सांभाळलं होतं. फूल उघडं असताना त्याच्यासमोर आवाज चढवायचा नाही, खोटं बोलायचं नाही, हा तिचा दंडक. लहानपणी तिन्ही भावंडं फुलाच्या रात्री चोरलेल्या खाऊची कबुली देऊन मोकळी व्हायची.

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "सासूबाई हव्या होत्या," त्या म्हणाल्या. "त्यांच्या हातचं झाड. पंचवीस फुलं! आक्का, तुम्ही त्यांचं नाव राखलंत."

आक्कानं मान हलवली नाही. तिनं एका फुलाखाली हात धरला, न टेकवता.

"हे आईचं झाड नाही," ती म्हणाली.

कुणाला आधी कळलंच नाही.

"आईचं झाड मी मारलं. ती गेल्यावर मला दुसरं काही सुचत नव्हतं. रोज पाणी घालायची. दिवसातून तीनदा. चार वर्षं कसंबसं टिकलं आणि मग मुळातून कुजलं. एका सकाळी हातात आलं सगळं."

"पण तू तर छाटलं म्हणालीस," भाऊ म्हणाले. "कीड लागली, सगळं छाटलं, नव्यानं फुटेल..."

"तसं सांगितलं. छाटायला काही उरलं नव्हतं. मी दवाखान्यात गेले. हिच्या वॉर्डच्या दारात उभी राहिले." तिनं धाकटीकडे पाहिलं. "दुसऱ्या दिवशी हिनं आपल्या घरच्या झाडाचं एक पान ओल्या कागदात गुंडाळून आणून दिलं. एक शब्द लावून बोलली नाही. त्याच पानाचं हे झाड."

वहिनी भिंतीला टेकल्या. अकरा वर्षांपूर्वी, मोठी आई गेली त्याच आठवड्यात, धाकटीच्या पिशवीत त्यांना ब्रह्मकमळाचं पान सापडलं होतं. या झाडाचं पान दिल्याशिवाय कुणी न्यायचं नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी सगळ्या नातेवाइकांसमोर ते पान वर धरून विचारलं होतं, "अजून काय काय नेलंय?" धाकटी ते पान घेऊनच बापूबरोबर जिना उतरली होती.

"सात वर्षं झाली," बापू दारातून म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "सात वर्षं तू आमच्या पानाचं झाड वाढवतेयस. आणि खाली ही माणसं माझ्या बायकोला चोर म्हणत होती, ते ऐकत होतीस."

"हो."

"का?"

"आईचं झाड मारलं, हे कुणाला कळू नये म्हणून. हिला शपथ घातली होती मी, कुणाला सांगू नको. तुलासुद्धा."

बापूनं बायकोकडे पाहिलं. धाकटीनं नजर चुकवली नाही.

"त्या दिवशी आक्का वॉर्डच्या दारात कशा उभ्या होत्या ते तुम्ही बघितलं नाहीत," ती म्हणाली. "मी रोज आजारी माणसं बघते. त्यांना हिशेब विचारत नाही."

वहिनी सरळ धाकटीपुढे येऊन उभ्या राहिल्या. मध्ये चिमणी होती. त्यांनी तिला हातानं बाजूला केलं.

"ते पान तुला सासूबाईंनी दिलं होतं?"

"स्वतः तोडून. खाट गॅलरीच्या दाराशीच होती, मी पाठ पुसत होते तेव्हा. मी सांगितलं होतं त्याच दिवशी. तुम्ही म्हणालात, मेलेलं माणूस साक्षीला येत नाही."

"म्हणाले होते," वहिनी म्हणाल्या. "शब्दन् शब्द आठवतंय मला. रागच होता गं माझा. अंगाला हात त्या तुलाच लावू द्यायच्या. मी चमचा पुढे केला की तोंड फिरवायच्या. पान सापडलं तेव्हा मला... बरं वाटलं होतं." त्यांनी धाकटीचा हात धरला. धाकटीनं तो काढून घेतला नाही, दाबलाही नाही. नुसता राहू दिला.

बापूनं पिशवी उचलली आणि वळला.

"बापू," भाऊ म्हणाले.

तो थांबला नाही.

*

जिन्यात दिवा होता. बापू एक मजला उतरला. मागून पावलं आली. भाऊ रेलिंग धरून, गुडघे सांभाळत उतरत होते, भिंग अजून कपाळावर, टकलावर विटेची भुकटी.

"बायकोच्या आहारी जाऊन खोटं बोलतोस, असं म्हणालो होतो मी तुला," ते धापा टाकत म्हणाले. "तेव्हा तू म्हणालास, भाऊ, माझ्याकडे बघून बोल. मी बघितलं नाही. आज बघतोय. मी चुकलो."

बापू उभा राहिला. पण त्याला उत्तर द्यायला सवडच मिळाली नाही, कारण खालून माणसं वर येत होती. तळमजल्यावरचा शिंपी गळ्यात टेप घेऊन, त्याची बायको, काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ, दोन कॉलेजच्या मुली, मागे कुणीतरी झोपाळू बाळ खांद्यावर घेतलेलं, आणि त्यांच्याही मागे, खाली रस्त्यावर, आणखी आवाज.

"काय फुललंय हो?" म्हातारे गृहस्थ म्हणाले. "वास पार बसथांब्यापर्यंत येतोय. माझी बस सोडली मी."

"ब्रह्मकमळ. पंचवीस आहेत," शिंपी म्हणाला. "दुपारपासून सगळी गल्ली खालून बघतेय. आम्हाला वाटलं, गेलं आता."

"कुणाचं आहे?" एका मुलीनं विचारलं. "त्यांना विचारायला हवं ना, वर येऊ का म्हणून."

शिंप्यानं भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी बापूकडे पाहिलं.

बापूच्या हातात दहा किलोची पिशवी होती आणि खाली उतरायला जागा नव्हती. वरून चिमणी काहीतरी ओरडत होती. आणखी तीन उघडली म्हणत होती.

"आमचं आहे," बापू म्हणाला.

त्यानं पिशवी पायरीवर ठेवली, ती भाऊंनी उचलून स्वतःच्या घराच्या दाराशी नेली.

"या," बापू लोकांना म्हणाला. "पण चार-चार जण. गॅलरी जुनी आहे. आणि डाव्या बाजूच्या बुंध्याला हात लावू नका, पट्टी बांधलीय." त्यानं म्हाताऱ्यांच्या कोपराखाली हात घातला. "आजोबा, तुम्ही पहिले. चला, मी वरच चाललोय."